दोरीपलीकडचा माग

बाबा, आज मला एका संग्रहालयात पकडलं. चोराला पकडतात तसं. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता आणि मग विचारलं असतं, तिथे गेलीसच कशाला. तेच सांगायला बसले आहे. माझा मुलगा, तुमचा नातू, बेल्जियम नावाच्या देशातल्या एका जुन्या शहरात नोकरी करतो. तुमचे जावई गेले आणि चार महिन्यांपूर्वी तो मला इथे घेऊन आला. येत्या सोमवारी तो मला एका कार्यालयात नेणार आहे. तिथे सही केली की मी कायमची इथली, आणि मग नागपूरचा फ्लॅट काढून टाकायचा. मला सही करायची नाही. मला नागपूरला परत जायचं आहे. हे अजून कुणाला बोलले नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

म्हातारीला सुख दुखतंय, असं म्हणाल. असेलही. मुलगा गुणाचा आहे, सून मला उलटून बोलत नाही. दोघं सकाळी आठला बाहेर पडतात. मी घरात एकटी कुढत बसू नये म्हणून मुलाने मला इथल्या सगळ्या संग्रहालयांचा वर्षभराचा पास काढून दिला आहे. रोज फोनवर यादी येते: सकाळी एक संग्रहालय, दुपारी दोन चर्च. मी कुठे आहे ते त्याला ऑफिसात बसून दिसतं, नकाशावर निळा ठिपका. ठिपका तासभर हलला नाही की लगेच फोन, आई, बरी आहेस ना? म्हणून मी हलत राहते. बाकावर जरा टेकले तरी घड्याळ बघते. सगळी नोकरी मी मुलांना युरोपचं प्रबोधन शिकवलं, पुस्तकाच्या दोन पानांवरून आणि बोटभर चित्रांवरून. आता ती चित्रं भिंतभर समोर आहेत आणि माझं लक्ष गुडघ्यांकडे असतं. पहिल्या चर्चमध्ये रंगीत काचांतून ऊन खाली फरशीवर पडलेलं पाहून डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत. पण रोज रोज पुरणपोळी वाढली तर माणूस भाकर मागतोच. संध्याकाळी जेवताना विचारणा होते, आज काय पाहिलं? मास्तरीण आहे, उत्तरं तयार ठेवते.

आजच्या यादीत कापडाचं संग्रहालय होतं. मुलाने मुद्दाम निवडलं होतं, आजोबांची आठवण म्हणून. वरच्या मजल्यावर एक जुना माग मांडला आहे, समोर जाड दोरी आडवी लावलेली. त्याला आपल्या मागासारखा पाय सोडायला खड्डा नाही, विणणारा उंच फळीवर बसणार. मला आधी तेच खटकलं. लहानपणीचे तुम्ही मला कमरेच्या वरचेच जास्त आठवता. सकाळपासून पाय खड्ड्यात, पावड्या दाबत, आणि मी शाळेतून आले की मान वर करून विचारायचात, "काय शिकून आली वं आज?" मी एकदा शेजारच्या काकांच्या मागावर तुटलेला धागा पाहून तशीच पुढे आले, तर तुम्ही मला परत पाठवलंत. म्हणालात, "धागा तुटला दिसला तं आधी सांध. माग कोणाचा हाय ते मंग विचार." मी चिडले होते, परीक्षा होती माझी. पण गेले आणि सांधला. त्या आपल्या गल्लीत सगळ्यांचीच ही रीत होती, आणि बोटांना लागलेली रीत डोक्याला विचारत नाही. तर या मागावर ताण्याचा एक उभा धागा तुटून लोंबत होता. मी दोरीखालून कधी गेले ते मला आठवत नाही. अंगठ्याला थुंकी लावली, दोन्ही टोकं धरून वळ दिला, हलकेच ओढून पाहिलं. इतक्या वर्षांत केलं नव्हतं, तरी धरून राहिला. आणि मग कुठेतरी शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं.

गार्ड मुलगी चांगली होती. ओरडली नाही, दंडाला धरून एका लहान खोलीत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. खोलीला खिडकी नव्हती. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगत होते, वडील विणकर, धागा तुटलेला, मी जोडला. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच विचारायची, हात का लावला. मुलगा मीटिंग सोडून आला. त्याने त्यांच्या भाषेत माफी मागितली, दोनदा, तीनदा, मान खाली घालून. आईमुळे मुलाला अशी मान खाली घालावी लागते हे मला सहन होईना. मग तिथले एक जाणकार गृहस्थ भिंग घेऊन मागाशी गेले, बराच वेळ वाकून बघत राहिले. त्यांना सांधा सापडेना. मलाच दाखवायला बोलावलं. दाखवला, तेव्हा ते माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. बाबा, तेवढा एक क्षण मला तुमचा असा अभिमान वाटला की काय सांगू. पण ते मुलाला म्हणाले की तो धागा तुटलेलाच जपायचा होता, शेवटच्या विणकराने सोडला तसा. आता त्यांना तो पुन्हा तोडावा लागणार आहे.

ट्राममध्ये मुलाने मला खिडकीशी बसवलं. मग म्हणाला, "आई, हे काय करून राहिली तू?" घराच्या थांब्यावर उतरल्यावर त्याने माझी पिशवी घेतली आणि एकदम थांबला. "सोमवारचं नक्की ना? मनात काही असलं तर आताच सांग." एवढं सरळ त्याने कधी विचारलं नव्हतं. सगळं ओठांवर आलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. दमलेला, केस पातळ झालेले, दुसऱ्यांदा मान खाली घालायची तयारी ठेवून उभा. मी म्हटलं, "काही नाही रे." आणि त्याचे खांदे सैल झाले. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला पाहवेना, कारण तो चेहरा एकदा माझा होता.

आई गेल्यावर तुमचा माग मी सुटा करून काढून टाकला, खड्डा बुजवून वर फरशी बसवली आणि तुम्हाला आमच्या फ्लॅटवर आणलं. तुम्ही खिडकीशी बसून असायचात म्हणून दर रविवारी मी तुम्हाला गाडीत घालून फिरवायची, फुटाळा, रामटेक, सदरचं चर्चसुद्धा. अजब बंगल्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या वाघासमोर तुम्ही काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होतात. म्हणालात, "सारं पाहून झालं वं. आता घरी कवा जाऊ?" मी म्हटलं, जेवायच्या वेळेपर्यंत पोचू की. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी विचारलं, का, काय झालं? तुम्ही म्हणालात, "काही नाई." येताना मी तुम्हाला संत्र्याची बर्फी घेऊन दिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मुलाच्या हाती लागू नये म्हणून फाडूनच टाकीन. सोमवारी मी सही करणार आहे. बाबा, तुम्ही कोणत्या घराबद्दल विचारत होतात ते मला तेव्हाच कळलं होतं. आणि तुम्ही "काही नाई" म्हणालात, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.