शोभेचा हात

३ नोव्हेंबर

आई काल नागपूरहून आली. धाकट्या भावाचं, ओंकारचं लग्न होईपर्यंत मुक्काम इथे बंगळुरात, माझ्याकडेच. सामानात संत्र्याची बर्फी, सरगुंडे, माझ्यासाठी दोन साड्या. आणि बुटांच्या खोक्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला तो हात.

मला वाटलं होतं माळ्यावर उंदरांनी खाल्ला असेल. पण उंदरांनाही काही आवडनिवड असते.

बावीस वर्षांची होते, बाबा होते, तेव्हा त्यांनी मुद्दाम करवून आणला होता, दाखवायचे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी. डाव्या कोपराखाली जिथे मी संपते तिथे पट्ट्याने बांधायचा. रबरी बोटं हलत नाहीत, मनगट वळत नाही, काही धरता येत नाही. आत घाम मात्र भरपूर. मुलं आली, पोहे खाऊन गेली. हाताला कोणी नावं ठेवली नाहीत, मला ठेवली.

तेव्हाच्या माझ्या रंगाशी जुळवून घेतला होता. मी आता चौतिशीची, रापलेली. तो अजून बावीस वर्षांचा, गोरापान, नखं नीट. आमच्या दोघांत लग्नाला योग्य तोच.

कशाला आणलास, विचारलं. "असू दे," आई म्हणाली. "लागला तर."

छत्री आहे का ती, लागला तर?

५ नोव्हें.

ऑफिसात एचआरची बाई डेस्कवर आली. डिसेंबरात दिव्यांग दिन. मी स्टेजवर जाऊन 'माझा प्रवास' सांगायचा. माझा प्रवास म्हणजे घर ते इलेक्ट्रॉनिक सिटी, कंपनीची बस, सिल्क बोर्डला रोज तोच चक्का जाम. त्यात तिला रस नव्हता. इतकी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्याबद्दलही काही विचारायचं नव्हतं. जाताना वळून म्हणाली, "और प्लीज़, हाफ स्लीव्ह्ज़ पहनना. फोटो अच्छे आएँगे."

शेजारच्या डेस्कवाला म्हणाला, तू किती पॉझिटिव्ह आहेस. मी सकाळपासून कोणाशी एक शब्द बोलले नव्हते.

९ नोव्हें., रविवार

जयनगरला गेलो, ओंकारच्या होणाऱ्या बायकोच्या, चैत्राच्या घरी. हे लोक कित्येक पिढ्या बंगळुरात. भांड्यांचं दुकान, वर घर. घरात मराठी बोलतात पण अर्धं कन्नड. चैत्रा मला अक्का म्हणते. पहिल्या भेटीत तिने सरळ विचारलं होतं, जन्मापासून का? हो म्हटलं. मग म्हणाली कॉफी घ्या. मुलगी बरी आहे. ओम्याला शोभण्यापेक्षा जरा जास्तच.

घरचे बाकीचे मात्र. चैत्राच्या आईने दारातच माझ्या डाव्या बाहीकडे पाहून "अय्यो पाप" केलं. पाप म्हणजे कन्नडात बिचारी. मराठीत घेतला तरी चालेल, त्यांच्या मनात तोही अर्थ असावाच.

जेवणं झाल्यावर तिची आत्या बोलायला बसली. हुबळीहून आलेली, अंगावर किलोभर सोनं. गोल गोल फिरून शेवटी आली मुद्द्यावर: करवली कोण?

मी, दुसरं कोण. सख्खी बहीण मी एकटी.

त्यावर ती खूप गोड हसली. म्हणाली, तुला लागेल असं काही नाही बोलत, पण करा-दिवा अव्यंग मुलीच्या हाती असावा. आमच्याकडे पाहतात ते. मोठं कार्य, सगळी मंडळी येणार. "स्वल्प अडजस्ट करायचं, अक्का."

बसमध्ये सीटवर सरकायला सांगतात, तेच शब्द. इथे स्वतःच्या भावाच्या पाठीमागून सरकायचं होतं.

मी आईकडे पाहिलं. आई ताटलीतली सुपारी शोधत होती. मग बोलली, "तिचा हात आहे. करून घेतलेला. घालेल ती."

म्हणजे तिला नागपूरहून निघतानाच माहीत होतं.

१० नोव्हें.

चिडून झोप नाही नीट. अव्यंग. पेपरातल्या जाहिरातीत हा शब्द वाचायचे तेव्हा वाटायचं ही लोकं स्वतः कधी आरशात पाहतात का. त्या आत्याचे पुढचे दोन दात नकली आहेत. नवऱ्याच्या डोक्यावर टोप. चैत्राच्या वडिलांच्या गुडघ्यांत लोखंड. तोडलंफोडलं, जोडलं, झाकलं, सगळं घर दुरुस्त करून आणलेलं, आणि व्यंग माझ्यात.

आणि दुसरी गोष्ट लिहून टाकते, इथे कोण वाचतंय. मला करवली व्हायचंय. लग्नाविग्नावर माझा विश्वास नाही, पण ओम्याच्या मागे मी उभी राहणार, हे तो शाळेत असल्यापासून ठरलेलं आहे. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. रस्ता ओलांडताना तो कायम माझ्या डावीकडे यायचा आणि कोपराखालचा तो गोळा मुठीत धरायचा. उजवा रिकामा असला तरी. लोक त्याला थोटा म्हणतात, आई 'तो' म्हणते, मी डावा म्हणते. ओम्या काहीच म्हणायचा नाही, धरायचा. जेवायलासुद्धा डावीकडे बसायचा.

१२ नोव्हें.

ओम्या महादेवपुऱ्याहून आला. उशिरा, ट्रॅफिकला शिव्या देत. मला वाटलं, हा तरी म्हणेल की आत्याला उडवून लाव.

तो माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "ताई, एका दिवसाचा प्रश्न आहे. घाल ना. त्या लोकांशी मला आयुष्य काढायचंय."

आणि माझ्याशी? विचारायला हवं होतं.

नाही घातला तर काय, एवढं विचारलं. तर करा स्वराच्या हातात. स्वरा म्हणजे मामाची मुलगी. पुण्याची, दोन हातांची, रीलवाली. तिचा ब्लाउजसुद्धा शिवायला टाकलाय म्हणे. म्हणजे तयारी होती आधीपासूनच.

आई मधेच म्हणाली, "तुझ्यासाठीच बोलून राहिलो आम्ही. चारचौघांत लोकं तुलाच पाहतील ना."

मला सगळे चौतीस वर्षं पाहतायत. अजून कोणाचं पोट भरलेलं नाही.

१६ नोव्हें., रविवार

हो म्हटलं. स्वराच्या हातात करा जाऊ द्यायचा नाही म्हणून. सगळ्यांचा राग येतो, त्यात आज माझा नंबर पहिला.

दुपारी आईने तालीम घेतली. नवऱ्याच्या मागे उभं राहायचं, हातात तबक, तबकात पाण्याचा करा आणि निरांजनासारखा पितळी दिवा. मंगलाष्टकं चालू असताना मधूनमधून कऱ्यातल्या पाण्याचं बोट नवऱ्याच्या डोळ्यांना लावायचं. एवढंच काम.

मी ते असं करेन: तबक डाव्याच्या खोबणीत, छातीशी टेकवून. उजवा मोकळा. घरात ताटं, परात, कपड्यांची बादली, सगळं तसंच नेते. करून दाखवलं. पाण्याचा थेंब हलला नाही.

मग आईने तो हात बांधला आणि तेच करायला लावलं. तबक घसरलं. पुन्हा. पुन्हा घसरलं. रबरावर पितळ कसं राहील? आईने खालच्या दुकानातून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली आणि तबक त्या हाताच्या तळव्याला चिकटवून टाकलं. लांब उभं राहून पाहिलं. "बघ, किती छान दिसतं."

दिवा न लावता तालीम. तेल कशाला वाया घालवायचं म्हणे.

२१ नोव्हें.

रंगाचा प्रश्न निघाला. उजवा सावळा, डावा गोरा. आत्याबाईंनी फोनवर तोडगा दिला, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढा. आईला एकदम पटलं. रबरावर मेंदी रंगत नाही म्हणून त्यावर तपकिरी रंगाने ब्रशने नक्षी. पार्लरवाली मुलगी तो हात मांडीवर घेऊन दोन तास रंगवत बसली होती. माझ्या हाताला असं मन लावून कोणी हात लावल्याचं आठवत नाही.

चैत्राचा मेसेज: अक्का, तुम्हाला हा हात आवडतो का? ओंकार म्हणाला तुम्हीच मागवला.

मेसेज दोनदा वाचला. ओंकार असं म्हणाला.

२९ नोव्हें.

काल लग्न झालं. अंग ठणकतंय, तरी लिहून ठेवते, नाहीतर उद्यापासून ही लोकं आपापल्या सोयीचं सांगायला लागतील.

जयनगरचा हॉल. खच्चून गर्दी. मला पाहून आत्या म्हणाली, "सरी, ठीक. आता कसं छान दिसतंय." मंडळी खूश. ज्यांनी मला जन्मात नीट पाहिलं नव्हतं ते त्या हाताकडे पाहून हसत होते. एका म्हातारबुवांनी तर नमस्कार केल्यावर त्यालाच थोपटलं. मी बाजूला उभी असल्यासारखी होते.

अंतरपाट धरला. ओम्या पुढे, मी मागे. दिवा लावलेला. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. वरचा पंखा कोणीतरी मोठा केला असावा. ज्योत वाकली, नेमकी अंगठ्याकडे. तबक टेपने चिकटलेलं, त्यामुळे मला ते फिरवता येईना, मनगट वळतच नाही. तेल ओघळलं. आधी वास आला, सायकलची ट्यूब जाळल्यासारखा. मग अंगठा पेटला.

मला अर्थातच काही लागलं नाही. मी बघत होते. मेंदीची नक्षी फुगून वर आली, मग काळी पडली. तर सगळा हॉल ओरडायला लागला. पोरीचा हात भाजला, हात भाजला. आत्या किंचाळली. मामा पाणी घेऊन धावला. स्वरा मोबाइल घेऊन धावली. एवढा जीव कोणी माझ्या हातासाठी टाकला नव्हता, आणि टाकला तो रबरासाठी. मला हसू यायला लागलं, आवरेना.

फक्त गुरुजी भडकले. "थांबू नका, मुहूर्त टळतोय," म्हणून मंगलाष्टक म्हणत राहिले. त्या हॉलमध्ये मला आवडलेला तो एकच माणूस.

उजव्या हाताने मी पट्टा सोडला. तबकासकट हात खाली ठेवला. मामाने त्यावर पाणी ओतलं, चर्र झालं. करा सांडला नव्हता. तो उचलून डाव्याच्या खोबणीत घेतला, छातीशी. पदर खांद्यावरून सरकला होता, तसाच राहू दिला. सगळ्यांना दिसलं. सगळ्यांनी नजरा वळवल्या, जणू मी कपडे काढलेत.

मग काम केलं. उजवं बोट कऱ्यात बुडवलं आणि पुढे होऊन ओम्याच्या डोळ्यांना लावलं.

एवढा गोंधळ झाला, पण तो एकदाही मागे वळला नव्हता. डोळे घट्ट मिटून उभा. कऱ्यातलं पाणी गार होतं. त्याच्या डोळ्यांपाशी बोटाला गरम लागलं. रबराचा धूर डोळ्यांत गेला असेल.

शेवटपर्यंत करा मीच धरला. कोणी मागितला नाही.

१ डिसें.

आई बोलत नाही. काल जळका हात पाण्याने धुतला, टॉवेलात गुंडाळला, खोक्यात ठेवला. आज म्हणाली, असे हात बनवतात इथेही, तुझ्या आताच्या रंगाचा होईल. मी म्हटलं आधी त्याचं तेरावं उरक.

आत्याने सगळीकडे सांगितलंय की अपशकुन झाला. दिवा विझला तो मामाने पाणी ओतलं म्हणून, हे कोणी सांगत नाही.

४ डिसें.

काल ऑफिसचा तो दिन. फुल बाह्या घालून गेले, बटण मनगटापर्यंत. एचआरचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. घरच्यांना हात असलेला हवा, हिला नसलेला. माईक हातात घेऊन टेस्टिंगमधल्या एका चुकीबद्दल दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. काय ऐकलं कोणास ठाऊक.

५ डिसें.

चैत्राने फोटोवाल्याचा मेसेज पुढे पाठवला. त्याने ओंकारला विचारलंय: अंतरपाटाच्या फोटोंत सिस्टरचा लेफ्ट हँड नाही, आधीच्या फोटोंतून घेऊन लावून देऊ का, एक्स्ट्रा चार्ज नाही. त्याखाली ओंकारचं उत्तर: ताईला विचारून सांगतो.

चैत्राने खाली लिहिलंय, दोन दिवस झाले, विचारलं का?

नाही. लग्नानंतर त्याचा एकही फोन नाही. विचारायची हिंमत नाही की विचारायचंच नाही, मला कळत नाही. आणि मला काय हवंय तेही. त्याने न विचारता नको म्हणावं, असं काहीतरी. इतकं त्याला कळत असतं तर एवढं सगळं झालं असतं का.

७ डिसें., रविवार

ओम्या आणि चैत्रा जेवायला येतायत, कळवलं चैत्राने. आई सकाळपासून वडाभाताच्या मागे. मी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातलाय. आईने पाहिलं, वाटण वाटत राहिली.

खोकं कपाटावर ठेवलंय. फेकून द्यावं वाटत होतं, पण आजचं आज नको.

जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. माझ्या डावीकडच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे पडून असतात. ते उचलले, आत नेऊन ठेवले. खाली गाडी लागली बहुतेक.