दुसरं रीळ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थिएटर बंद पडल्यापासून घरी बसलो होतो, तो आता एका कलादालनात प्रोजेक्टर चालवतोय. साबणाच्या वड्या भिंतीएवढ्या रंगवणारा एक नामांकित पॉप चित्रकार आहे, त्याच्या प्रायोगिक फिल्म्सचं प्रदर्शन आहे. एका फिल्ममध्ये तासभर बादली भरते. लोक हनुवटीला हात लावून बघतात. मी सवयीने मध्यंतराची घंटा दिली, तर टाळ्या पडल्या!

आता नीट बसून वाच. 'दुपार क्रमांक तीन' ही फिल्म दोन रिळांची आहे. पहिल्यात नुसता पडदा हलतो असं मॅनेजर म्हणाला, म्हणून ते लावून मी चहाला जातो. दुसऱ्यात आपलं घर आहे! समोरच्या माडीवरचा कॅमेरावाला दाढीवाला आठवतो? तोच हा चित्रकार. दहाव्या मिनिटाला तू बाबांचं टेबलावरचं घड्याळ पुसतेस, त्याचे तुकडे होतात, तू ते रचून ठेवतेस आणि चवड्यांवर पसार होतेस. मग मी येऊन नुसतं बोट लावतो. चाळीस वर्षं घरात मला मोड्या म्हणतात, ताई! शिक्षा म्हणून वर्षभर माझा सिनेमा बंद होता! रविवारी मामा आईला प्रदर्शनाला आणतोय. तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे.

तुझी माया असू दे. माझी जरा कमी झालीय.

तुझा (निर्दोष) मोड्या

७ फेब्रुवारी

चि. मोड्यास,
अ. उ. आ.

अरे, मी मुख्याध्यापिका आहे! दर सोमवारी खरं बोलण्यावर भाषण ठोकते. आई अजून शेजारणींना सांगते, माझी पोर जन्मात खोटं बोलली नाही म्हणून. तेव्हा मी फार घाबरले होते रे. तू जिन्यात बसून हुंदके देत होतास, ते अजून कानांत आहेत. माफ कर. पण आईसमोर मला उघडं पाडू नकोस. स्वेटर विणून पाठवते, यावेळी दोन्ही बाह्या सारख्या.

रागावलास तरी पत्र टाकत राहा.

तुझी (अपराधी) ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी आई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. पहिलं रीळ लावून मी चहाला गेलो. परत येऊन घंटा दिली, दिवे लावले आणि दुसरं रीळ तुटल्याचं जाहीर केलं. तुझ्या पत्रातला तो जिना वाचून सूडच विरघळला, काय करणार! मॅनेजर भडकला, पण लोकांनी कोऱ्या पडद्यालाही टाळ्या दिल्या. आई मात्र चहालाही न थांबता मामाला घेऊन तडक घरी गेली. काळजी वाटते.

स्वेटर निळा हवा. लोभ पूर्वीइतका झाला आहे.

तुझा मोड्या

१५ फेब्रुवारी

चि. मोड्या आणि चि. ताई,
दोघांना अनेक आशीर्वाद.

दोघांना एकच मजकूर पाठवते आहे. मोड्या, तू चहाला गेलास तेव्हा वाऱ्याने तो पडदा बाजूला झाला आणि आत मी होते. तुमच्या बाबांचं ते घड्याळ रोज पहाटे चारला ठणाणा करायचं. त्या दुपारी मी ते जमिनीवर आपटलं, वर लाटण्याचे तीन तडाखे दिले आणि मग डिंकाने चिकटवून टेबलावर ठेवलं. तू बोलणी खाल्लीस आणि मी खाली मान घालून भाजी चिरत राहिले. चुकलं रे माझं, बाळा.

ताई, तुझ्यासारखं खरं बोलायला मला चाळीस वर्षं लागली.

मोड्या, येत्या रविवारी सुट्टी काढ. तुझ्या बुडालेल्या वर्षातला पहिला सिनेमा मी दाखवते, माणसं बोलतात तसला. आणि ते तुटलेलं रीळ जोडून ठेव. ताई आली की तिघं मिळून बघू.

तुमची,
घड्याळमोडी आई