अंगठ्याखालची चौकट

प्रिय चिमणे,

तू पाठवलेला नवा फोन नीट पोचला. खोक्याची दोरी सोडून गुंडाळून ठेवली आहे, खोकाही जपलाय, हसू नकोस. फोन देखणा आहे. पण मी अजून जुनाच वापरते आहे. ते वाचून तू कपाळाला हात लावशील, म्हणून आधीच सांगून टाकते.

बॅटरी बदलायला गेले होते तर दुरुस्तीवाला म्हणाला, काकू, ज्यांनी हा काढला तेसुद्धा याला विसरले, तुम्ही कशाला जीव लावताय? खरंच आहे त्याचं. या जातीचे फोन तेव्हाही फारसे कोणी घेतले नाहीत. दुकानदाराला नकोसा झाला होता म्हणून तर बाबांना स्वस्तात मिळाला. आता यात बँक उघडत नाही, तुझ्या लेकीचे फोटो अर्धेच उमटतात. शेजारीण म्हणाली, म्हातारा झाला हो तुमचा फोन. म्हटलं, मग या घरात तरुण कोण उरलंय? चालतंय ते टाकायचं नाही, हा माझा जुना हिशेब. तू त्याला चिक्कूपणा म्हणतेस, तेही जुनंच.

बाबांची तब्येत बरी आहे. आजारपणात वाचा गेली ती काही परत आली नाही. अक्षरंही गेली, वर्तमानपत्र उलटं धरलं तरी त्यांना चालतं. देवाला रोज सांगते, बोलणं नाही तर नाही, पण यांच्या मनात काय आहे तेवढं मला कळू दे. जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस तो. तू डबा घेऊन जायचीस, आठवतं ना? समोर लाकडी खणच खण, प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. बाबांचे डोळे कागदावर आणि हात आपला आपण बरोबर खणात. फोन घेतला तेव्हा त्याच्या पडद्यावरच्या रंगीत चौकटीही त्यांनी तशाच मांडल्या, जास्त लागतं ते हाताजवळ. तुझ्या फोटोची चौकट सगळ्यांत मोठी, अगदी खाली, अंगठ्याखाली.

नवा फोन त्यांच्या हातात देऊन पाहिला मी. दुरुस्तीवाल्याने तुझा फोटो त्याच जागी आणून दिला होता, पण तो नखाएवढा. बोट जरा रेंगाळलं की सगळी चित्रं थरथरायला लागतात आणि तुझं भलतीकडेच जाऊन बसतं. रात्रीतून कोणी सगळे खण हलवावेत तसं झालं त्यांचं. आधी फोनकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी तो खोक्यात ठेवून दिला.

आता तुझी तक्रार. जुना फोन बिघडलाय, रोज संध्याकाळी तुझ्या कामाच्या वेळी तुला आपोआप लागतो, पलीकडून कोणी बोलत नाही, म्हणून वैतागून तू त्या नंबरची घंटाच बंद केलीस. मलाही बिघाडच वाटला होता. पण परवा संध्याकाळी जपात मन लागेना, म्हणून देवापुढून लवकर उठले. बाबा खिडकीपाशी बसले होते. फोन मांडीवर, नजर बाहेर, अंगठा तुझ्या चौकटीवर. रिंग वाजून थांबली. त्यांनी पुन्हा दाबलं. ती थांबली, पुन्हा दाबलं. आधी निदान ‘हॅलो, आई, बोल ना गं’ म्हणून चिडायचीस, तेवढं कानावर पडायचं. आता तेही का बंद झालं, हे त्यांना कोण सांगणार? तुला हे फोनवर सांगितलं असतं, पण ते शेजारीच असतात आणि त्यांना समजतं सगळं. तेवढी घंटा सुरू कर, बाळा. फोन उचललास की कोण आहे म्हणून विचारू नकोस. दिवसभरात काय काय झालं ते सांगत बस. पलीकडून हुंकारही येणार नाही, पण ऐकणारा जागचा हलणार नाही.

तुझीच,
चिक्कू आई