पाचव्या हिवाळ्याचा मान

प्रिय वेदांग,

राहण्याची जागा मी कशी निवडते हे ऐकून घ्यायचा तुला नेहमीच कंटाळा. "तू ठरवलंस ना, मग झालं," हे तुझं ठरलेलं वाक्य. या वेळी मात्र सगळं सविस्तर लिहिते आहे आणि तू ते शेवटपर्यंत वाचशील.

नोव्हेंबरात तुझा फोन आला तेव्हा मी म्युनिकजवळ गार्चिंगच्या प्रयोगशाळेत होते आणि समोर एक सेन्सर तापत ठेवला होता. वर्षभर तुझा आवाज ऐकला नव्हता. "कशी आहेस?" असं विचारून तू उत्तराची वाट न बघता कामाचं बोलायला लागलास. फेब्रुवारीत आई-बाबा सांगलीहून येणार, शिवांगीचे आई-वडीलही येणार, सगळ्यांना घेऊन आठवडाभर बर्फात जायचं, शिवांगीला स्कीइंग शिकायचंय, आणि शेवटच्या दिवशी तिथेच डोंगरावर तुमचा दोघांचा साखरपुडा. "फोटो काय येतील अगं!" असंही म्हणालास. मग आवाज जरा खाली आणून, तुझ्या त्या जर्मन 'तर मग'ने सुरुवात करत, "आल्झो, यातलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. जुन्या मैत्रीखातर एवढी एक जागा शोधून दे."

मैत्री. आमच्याकडे एखाद्या उपकरणाने इतकी चूक दाखवली तर ते दुरुस्तीला पाठवतात.

त्याच फोनवर तू मला आणखी एक गोष्ट हसत हसत सांगितलीस. शिवांगीच्या वडिलांनी, उल्हासकाकांनी, तुला बाजूला घेऊन सरळ विचारलं होतं, "हे बघा वेदांगराव, एकुलती एक मुलगी आहे. तुम्ही इतकी वर्षं तिकडे एकटे राहता. आधीचं काही असेल तर आत्ता सांगा, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. फक्त नंतर कळायला नको." आणि तू म्हणालास, "छे हो काका, अभ्यास आणि नोकरी, वेळच कुठे होता!" हे मला सांगताना तुला वाटलं, मीही हसेन. माझ्याशिवाय या विनोदाला दाद देऊ शकेल असं जगात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तू तो मला सांगितलास, असं मी धरते. मी म्हटलं, "बरं. अटी सांग."

अटी तू नीट सांगितल्यास, तेवढं श्रेय तुला देते. तुझ्या आईचे, म्हणजे काकूंचे, गुडघे दुखतात, म्हणून तळमजल्यावरची खोली. तुझ्या बाबांना, काकांना, शाकाहारी जेवण, तेही रोज तेच ते नको. शिवांगी नवखी, म्हणून लहान मुलं शिकतात तसला सोपा उतार जवळ हवा. तिच्या आईला थंडी सोसत नाही, पण डोंगर बघायचेत, म्हणून उन्हात बसायला काचेचा सज्जा. मोठं हॉटेल नको, कारण तिथे कुणी कुणाशी बोलत नाही आणि तुझ्या आईला घरगुती वातावरण लागतं. आणि तुला स्वतःला, मी विचारलं नव्हतं तरी तू म्हणालास, मोठ्या उतारापासून थोडं लांबच बरं, कारण आपल्याला उत्तम स्कीइंग येतं असं तू सगळ्यांना सांगून बसला आहेस.

मी तीन दऱ्या तपासल्या. लिफ्टच्या पायथ्याशी असलेली घरं बाद केली. स्कीचे बूट घालून दारातून थेट उतारावर जाता येतं म्हणून लोक तिथे धावतात, पण दुपारनंतर डोंगराची सावली पडते आणि तुझी सासू दिवसभर हीटरला चिकटून बसली असती. गावातली हॉटेलं बाद केली, कारण गावातून लिफ्टकडे जाणारी स्की-बस त्या आठवड्यात कोंबून भरलेली असते आणि काकूंना उभं राहावं लागलं असतं. वरच्या पठारावर एक सुंदर घर होतं, पण तिथे पोचायला केबल कार, आणि वारा सुटला की ती बंद. रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या माणसांना मी तिथे पाठवणार नाही. शेवटी एकच घर सगळ्या अटींत बसलं. दक्षिणेला तोंड, सोपा उतार कुंपणापलीकडे, बूट वाळवायची गरम खोली, तळमजल्यावर दोन खोल्या, आणि स्वयंपाकघरात एक बाई, जिला मांसाशिवाय रोज वेगळं जेवण करता येतं. हे सगळं खरं आहे, वेदांग. या निवडीत मी एकही चुकीची गोष्ट लिहिली नाही की लपवली नाही. तुला लिंक पाठवली. तू फोटो पाहून अंगठा पाठवलास आणि त्यावर "गेनाऊ, अगदी हेच हवं होतं."

फोटो नवे आहेत. घराचं नावही नवं आहे. गेल्या वर्षी घरमालकीण फ्राऊ हुबरच्या मुलीने कारभार हातात घेतला, खोल्यांना नवं लाकूड लावलं आणि पाटी बदलली. जुनं नाव असतं तरी तू ओळखलं असतंस असं मला वाटत नाही. चार हिवाळे आपण तिथे राहिलो आणि चारही वेळा केम्प्टनपासून पुढे तू झोपलेला होतास. गाडी मी चालवत होते.

आता मला तुझ्या पहिल्या घराबद्दल लिहायचं आहे, म्हणजे आपल्या. तू वोल्फ्सबुर्गला नोकरीला लागलास आणि मी दर शुक्रवारी म्युनिकहून गाडी पकडून यायचे. रविवारी सकाळी सांगलीहून व्हिडिओ कॉल यायचा. पहिल्या वेळी मी चहाचा कप घेऊन तुझ्यामागून गेले आणि तू लॅपटॉप असा झटकन मिटलास की काकूंना वाटलं तुझं काही बरंवाईट झालं. त्यानंतर मी कॅमेऱ्याचा कोन मोजला आणि फरशीवर निळ्या चिकटपट्टीची रेघ मारली. रेघेच्या पलीकडे मी दिसत नसे. तू त्या रेघेचं केवढं कौतुक केलंस. "इंजिनिअर बायको असण्याचे फायदे," असं म्हणालास. बायको हा शब्द तू तेव्हा वापरायचास, दार बंद असताना.

मग काकू-काका पहिल्यांदा आले. मी माझे कपडे, माझी उशी, माझी मसाल्याची डबी घेऊन गार्चिंगला परत गेले. कुकर तेवढा राहिला. तू मला फोनवर खूश होऊन सांगितलंस, की आई कुकर बघून म्हणाली, "शिट्टीचं रबरसुद्धा वेळेवर बदलतोस की रे! कुणी शिकवलं तुला?" परतीचं विमान म्युनिकहून होतं आणि तुझी गाडी गॅरेजमध्ये, म्हणून त्यांना विमानतळावर मी सोडलं. "ही ईप्सिता, ऑफिसातल्या मित्राची बहीण," अशी तू ओळख करून दिलीस. काकू पुढे माझ्याशेजारी बसल्या. सगळा रस्ता माझ्याशी बोलल्या. "जेवतेस की नाही नीट? हाडं दिसतात गं." उतरताना पिशवीतून मेतकुटाची पुडी काढून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "एवढं एकटं राहू नये बाई मुलींनी. आणि तुझ्या ओळखीत कुणी चांगली असली तर आमच्या वेदांगला सुचव हो. तो मेला तोंडाने काही बोलायचा नाही." तू मागच्या सीटवर होतास. आरशात मी तुझ्याकडे पाहिलं. तू फोनमध्ये बघत होतास.

मला काकूंचा राग नाही. तेव्हाही आला नाही. त्यांना जे दाखवलं गेलं त्यावरून त्यांनी बरोबर निष्कर्ष काढला. शिवांगीबद्दलही माझ्या मनात काही नाही. एका मुलीला अपुरी माहिती देऊन आयुष्याचा निर्णय घ्यायला लावला जातो आहे, एवढंच मला दिसतं. तू मला सोडलंस तेव्हा "घरचे बघतायत, तुला माहीत होतंच ना," असं म्हणालास आणि त्याच दमात विचारलंस की इंटरनेटचा करार कुणाच्या नावावर ठेवायचा. त्या दिवशी मी भांडले नाही. तुला वाटलं, मी समजूतदार आहे.

फ्राऊ हुबर तुला आवडायची. तीही तुझ्यावर जीव टाकायची. पहिल्या हिवाळ्यात तू घसरत जाऊन तिच्या सरपणाच्या ढिगात डोक्यावर पडलास, तेव्हा तिने तुला कडक श्नाप्स दारू पाजून स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसवलं होतं. तुझं जर्मन तिला कळत नसे, म्हणून सगळं मी बोलायचे. दरवर्षी ती एकच प्रश्न विचारायची, आईवडिलांना कधी आणणार? आणि दरवर्षी तू मला मराठीत म्हणायचास, "सांग काहीतरी." मी काहीतरी सांगायचे.

दुसऱ्या हिवाळ्यातला तो नाश्ता तुला आठवत असेल. त्या गावात पद्धत आहे, एकाच घरी पाचव्या हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्याचा सत्कार होतो. पर्यटन कार्यालयातली बाई पारंपरिक पोशाखात येते, कोटाला एडेलवाइसच्या फुलाची पिन लावते, मधाची बरणी देते, आणि मग घरमालकीण बोलायला उभी राहते. त्या दिवशी डॉर्टमुंडचं एक जोडपं होतं. फ्राऊ हुबरने काहीच शिल्लक ठेवलं नाही. ते कुठल्या खोलीत भांडले, कुठल्या बाकावर त्याने तिला मागणी घातली, कोण घोरतं, सगळं. लोक टेबलं बडवून हसत होते आणि ती बाई रडत होती. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "आपलाही नंबर लागणार बघ."

लागला. खोल्या राखून ठेवताना मी फ्राऊ हुबरला लिहिलं, की वेदांग या वेळी त्याच्या आईवडिलांना आणि ओळखीच्या एका कुटुंबाला घेऊन येतो आहे, मला कामामुळे जमणार नाही. एवढंच. तिचं उलट टपाली उत्तर आलं. तिने लिहिलं आहे की अखेर आईवडील येत आहेत याचा तिला अतोनात आनंद आहे. ही तुझी पाचवी वेळ, म्हणजे मान द्यायलाच हवा. कारभार मुलीकडे असला तरी हे भाषण ती स्वतःच करणार. सरपणाच्या ढिगापासून सुरुवात करणार, मग आपण दोघं कसे उतारावर हात धरून शिकलो ते, मग चौथ्या हिवाळ्यात मला ताप होता तेव्हा तू रात्रभर कशा पट्ट्या ठेवल्यास ते. आणि तुझ्या आईला तिला स्वतःला सांगायचं आहे की तुमची सून फार गुणी आहे, जर्मन तर आमच्याइतकंच बोलते. मी तिला दुरुस्त केलं नाही. तिने जे पाहिलं तेच ती सांगणार आहे.

तू म्हणशील, आई-बाबांना जर्मन कुठे कळतं. बरोबर आहे. पण शिवांगी इथेच जर्मनीत, वाल्डॉर्फला, पाच-सहा वर्षं नोकरी करते आणि तिचं जर्मन अस्खलित आहे, हे तूच फोनवर अभिमानाने सांगितलंस. "घरच्यांना आयती दुभाषी मिळाली," हे तुझे शब्द. म्हणजे फ्राऊ हुबर एकेक वाक्य बोलेल, आणि तुझी होणारी बायको ते काकूंना, काकांना आणि स्वतःच्या वडिलांना मराठीत सांगेल. आपण काय सांगतो आहोत हे तिला कितव्या वाक्याला कळेल, याचा अंदाज मी केलेला नाही.

आता शेवटचं. मी हे पत्र तुझ्या पत्त्यावर पाठवलेलं नाही. फ्राऊ हुबरकडे पाठवलं आहे आणि तुझ्या हाती किल्लीबरोबरच द्यायला सांगितलं आहे, म्हणजे सामान अजून गाडीत आहे, सगळे सज्ज्यात कॉफी घेत आहेत, आणि सत्कार उद्या नाश्त्याला आहे. दरीत दुसरीकडे खोली नाही, मी आजच पाहिलं. तुला वाटेल, मला सावध करून हिने सूड अर्धा सोडला. तसं नाही. सगळं अचानक घडलं असतं तर तू बिचारा ठरला असतास, म्हातारीचा गैरसमज झाला म्हणून हसून वेळ मारून नेली असतीस, आणि ते तुला जमलं असतं. आता तुला माहीत आहे. दोनच गोष्टी शक्य आहेत. सज्ज्यात जाऊन उल्हासकाकांना, तुझ्या आईला आणि शिवांगीला माझं नाव स्वतःच्या तोंडाने सांग. किंवा स्वयंपाकघरात जा, फ्राऊ हुबर तिथेच असेल, आणि भाषण रद्द करायला सांग. ती कारण विचारेल. मी तिथे बोलायला नाही. तेव्हा "ईप्सिता म्हणून माझ्या आयुष्यात कुणी नव्हती," हे तुझ्या मोडक्या जर्मनमध्ये, तिच्या डोळ्यांत बघून, तुलाच सांगावं लागेल.

त्या घरापुरती अजून तुझीच,
ईप्सिता