गार गाडीचा शब्द

अप्पा,

आज गाडीच्या एसीत गॅस भरला. गॅरेजला नेली नाही, इथंच सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरला. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. त्याला वाटलं असेल, या बाईला काय झालंय आज. मी सगळ्यात आधी काय केलं असेल? बॉनेट उघडलं नाही, गॅसच्या डब्यालाही हात लावला नाही. गाडीच्या पुढं गुडघे टेकून बसले आणि जाळीत टॉर्च मारून भुसकट अडकलंय का ते पाहिलं. आता पुण्यात कुठलं आलंय ज्वारीचं भुसकट? कागदाचे कपटे निघाले, वाळलेली पानं निघाली. तरी जुन्या ब्रशानं सगळं झाडून काढलं, पाणी मारलं, आणि मगच नळी जोडली. तुम्ही असता तर म्हणाला असता, उशिरा का होईना, पोरीला अक्कल आली.

तुम्हाला थंड गाडीचं एवढं वेड का होतं, हे मला लहानपणी कळायचं नाही. तीस वर्षं तुम्ही सरकारी बस चालवली, आणि त्या जुन्या बसचं इंजिन तुमच्या डाव्या पायाला खेटून असायचं. त्या पायाच्या नडगीवर केस उगवायचे बंद झाले होते. औराद-चिंताकीची मुक्कामी गाडी करून तुम्ही घरी यायचात, तेव्हा अव्वा त्या पायाला एरंडेल चोळायची आणि तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, "एकदा तरी थंड्या गाडीत स्टेरिंग धरून बसणार बघ मी." अव्वा म्हणायची, "बसा की. आदी पाय तरी हलवू नका." रिटायर झालात आणि हैदराबादहून जुनी का होईना, एसीवाली गाडी घेऊन आलात. डिसेंबरचे दिवस. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, आणि गाडीत एसी सुरू. हुमनाबादच्या ढाब्यांवरचे लॉरीवाले ओळखीचे, त्यांना मुद्दाम काच खाली करून गार वारा दाखवायचात. मला हे सगळं अव्वानं फोनवर सांगितलं होतं आणि हसून हसून माझं पोट दुखलं होतं. तेव्हा मी पुण्यात होते आणि मला आठवा लागला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तुमच्याकडं आले. जानेवारीत मुलगी झाली. पाडवा झाला की पुण्याला परत जायचं ठरलं होतं, पण त्या वर्षी ऊन आधीच तापलं होतं. सासूबाईंचा फोन आला. "एवढ्या उन्हात एवढंसं बाळ. आम्ही इथून चांगली एसी गाडी पाठवतो, तुम्ही त्रास घेऊ नका." त्यांनी काळजीनंच म्हटलं होतं, पण 'चांगली' हा शब्द तुम्हाला लागला. तुम्ही माझ्या हातून फोन घेतलात आणि ताठ उभे राहून म्हणालात, "विहीणबाई, माझी गाडी थंडी हाय. लेक न् नात, दोघींलाबी हिवाळ्यावानी घिऊन येतो. शबूद हाय माझा. तुमी गाडी धाडू नका." दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला म्हणून गाडी काढलीत आणि घामाघूम होऊन परत आलात. एसी लावला तर पंख्यातून गरम वारा. अव्वा म्हणाली, "शबूद देताना गाडीला इचारलं होतं का?"

हुमनाबादच्या गॅरेजात लॉऱ्यांची कामं चालायची. एसी म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, हैदराबादला न्या म्हणाले. तेवढे दिवस हातात नव्हते. मग तुमच्या एका लॉरीवाल्या दोस्तानं हैदराबादहून गॅसचे दोन डबे आणि घड्याळासारखी काट्याची तबकडी लावलेली नळी आणून दिली. कसं भरायचं तेही त्यानंच तोंडी सांगितलं. गाडी चालू ठेवायची, एसी फुल, नळी जाड पाईपला लावायची, डबा उभा धरून हळूहळू सोडायचा, आणि काटा हिरव्या पट्ट्यात आला की थांबायचं. एवढं सोपं होतं. तुम्ही "थांबायचं" एवढंच सोडून बाकी सगळं ऐकलंत.

अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून मी बाळाला घेऊन बसले आहे, आणि तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून उभे आहात. ते मला आत्ताही जसंच्या तसं दिसतं. पहिला डबा सुरू झाला. डब्यावर दव धरलं, तुमचे हात गारठले. आत बसून अव्वा पंख्यापुढं हात धरून ओरडून सांगते आहे, "कोमट हाय. न्हाई, न्हाई, अजून कोमटच हाय." मी म्हटलं, अप्पा, काटा हिरव्यात गेलाय की. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "काट्याचं काय ऐकायलीस? काटा काय गाडीत बसून बघायलाय?" आणि दुसरा डबा जोडलात. अव्वा खाली उतरली, डब्याला हात लावून म्हणाली, "डब्बाच थंडा हुयलाय. त्यालाच मांडीवर घिऊन बसते म्हणं मी पुण्यापतुर." तेवढ्यात आत 'टक्' असा आवाज झाला आणि एसीचा पंप बंद पडला. तुम्ही बटण दाबलंत. पुन्हा सुरू, पुन्हा टक्. मग तेही नाही.

तुम्ही बाजेच्या कडेला येऊन बसलात. बाळाकडं बघितलंत, तिच्या मानेत घामोळं आलं होतं. मग म्हणालात, "फोन लाव, बाई. विहीणबाईला सांग, गाडी धाडा म्हणून." मी तुम्हाला एवढं पडलेलं कधी बघितलं नव्हतं. मला बाळाची काळजी होती, खोटं कशाला बोलू, पण त्या क्षणी मला वाटलं की गाडी नको, एसी नको, उन्हातून चालत गेले तरी चालेल, पण यांना हा फोन करायला लागू नये. फोन हातात घेतला आणि नंबर लावायला उगीचच वेळ काढत बसले.

आणि अव्वा कोंबड्यांवर खेकसली. आपल्या चारही कोंबड्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली जमून टोचत होत्या. "हे कामून हितं मरायल्यात? हितं काय दाणं हायत व्हय?" होते. दाणेच होते. इंजिन थरथरत होतं आणि बंपरखालून ज्वारीचे दाणे एकेक करून गळत होते. तुम्ही उठलात, गाडीपुढं गुडघ्यावर बसलात, जाळीत बोट घातलंत, आणि मुठीत भुसकट घेऊन बाहेर काढलंत. मग तुम्ही जे हसलात! "आगं, अर्ध्या तालुक्याची मळणी बसलीय हितं!"

बस चालवतानाची ती तुमची सवय. आपल्याकडं डांबरी रस्ता म्हणजेच खळं. लोक कणसं रस्त्यावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली मळणी होते. दुसरे ड्रायव्हर कडेनं काढायचे, तुम्ही मात्र मुद्दाम हळू करून वरून घालायचात. चारचाकी आल्यावरही तेच. हिवाळाभर कमठाण्याच्या बाजूला जाताना-येताना तूर म्हणू नका, ज्वारी म्हणू नका, सगळ्यांच्या पिकावरून तुमची गाडी फिरली होती. बस उंच, तिला काही झालं नाही. ही बुटकी गाडी ते सगळं नाकानं ओढत राहिली होती. गॅस गार व्हायचा जिथं, तिथंच भुसा. गॅस कमी नव्हताच बहुतेक.

दात घासायच्या जुन्या ब्रशांनी आणि पाण्याच्या पाईपनं आपण ते दुपारभर साफ केलं. पण आता दोन डब्यांचा जास्तीचा गॅस आत होता. तुम्ही गाडी बंद केलीत आणि पाईपच्या तोंडातली बारीक पिन दाबून तो थोडा थोडा सोडलात. असा तो हवेत सोडायचा नसतो हे मला आता माहीत आहे, तेव्हा आपल्याला कुणालाच नव्हतं. फुस्सकन आलेला वायू तुमच्या बोटावर लागला आणि बोट पांढरंफटक पडलं. एप्रिलच्या उन्हात माणूस थंडीनं भाजला. अव्वा खोबरेल लावता लावता हसायची आणि हसता हसता तुम्हाला रागवायची. पण एसी सुरू झाला, अप्पा. तुम्ही दार लावून घेतलंत, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलात आणि तो डावा पाय उचलून पंख्याच्या जाळीपुढं धरलात. मी काचेतून बघत होते. तुमचे डोळे मिटलेले होते. मला इतकं बरं वाटलं की मी बाळाचा पापा घेतला.

निघालो त्या दिवशी अव्वा आणि मी मागं, मांडीवर बाळ. हमरस्त्याला लागायच्या आधीच रस्त्यावर कणसं पसरलेली. एक म्हातारी पदर डोक्यावर घेऊन आडवी आली. "अण्णा, जरा वरनं घाल की गाडी. सकाळधरनं एक गाडी न्हाई ह्या वाटंनं."

अव्वा मागून म्हणाली, "बाजूनं घ्या हो. आत्ताच तर निपटून काडलंय."

तुम्ही थांबलात. त्या म्हातारीकडं बघितलंत, आरशातून बाळाकडं बघितलंत. मग एसी बंद केलात, खाली उतरलात आणि अव्वाला म्हणालात, "लेकराच्या बोचक्यातलं एक लुगडं दी." बाळासाठी बांधून घेतलेलं अव्वाचं मऊ जुनं लुगडं तुम्ही गाडीच्या तोंडाला बांधलंत, बुरखा घातल्यासारखं. पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं. म्हातारी बाजूला उभी राहून "अजून एकडाव, अण्णा" म्हणतेय. भुसा उडतो म्हणून काचा बंद, आत भट्टी. बाळ उठलं आणि जे रडायला लागलं! मी काच खाली केली तशी म्हातारीनं खिडकीतून तिच्या कपाळाला हात लावला. "पोरगी तापलीय की गं," म्हणाली. मला तुमचा राग आला तेव्हा. खरंच आला. तुम्ही लुगडं सोडलंत, झटकलंत, आत बसलात, एसी लावलात, आणि थोड्या वेळानं म्हणालात, "बाई, आता लागायलंय का मागं?" सोलापूरपर्यंत दहा वेळा तेच विचारलंत. लागत होतं. मस्त लागत होतं. बाळ पुणं येईपर्यंत झोपलं.

सासूबाई खालीच उभ्या होत्या. त्यांनी बाळाला घेतलं, कपाळाला हात लावला, पावलं चाचपली. "गार आहे हो पोर," म्हणाल्या. बस्, एवढंच. तुम्ही दाराशी उभे होतात, शर्ट पाठीला चिकटलेला, काखेपासून कमरेपर्यंत मिठाच्या रेघा. मला वाटलं, वय झालंय, एवढी लांबची गाडी चालवून दमले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाजूला लावायला माझा नवरा खाली गेला. वर आला तो विचारत, "अगं, अप्पांच्या बाजूच्या एसीच्या जाळीत रुमाल का कोंबलाय?" मी खाली जाऊन बघितलं. तुमची दस्ती होती ती, चौकटीची. जाळीत घट्ट बसवलेली, वारा जराही सुटू नये म्हणून. मधल्या दोन्ही जाळ्या मागं आमच्याकडं वळवलेल्या. तुम्हाला विचारलं, अप्पा, हे कामून? तुम्ही चहा बशीत ओतत म्हणालात, "मला न्हाई सोसत ते वारं. पाय धरतोय." निघायच्या आदल्याच दिवशी नाही का तो पाय डोळे मिटून त्याच जाळीपुढं धरला होता! मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले.

तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुमची ती गाडी विकली. ती नात कॉलेजात जाते आणि तिला गाडीत पुढं बसायला आवडत नाही, मागं पाय पसरून बसायचं असतं. आज गॅस भरून झाल्यावर आम्ही दोघी एक चक्कर मारायला बाहेर पडलो. एसी चांगला झाला होता. मी काट्याचं ऐकलं होतं, हिरव्यात आला तसा थांबवला होता. तर मागून आवाज आला, "आई, मागे काहीच गार येत नाहीये." मी मधल्या जाळ्या मागं वळवल्या. आणि मग माझ्याकडची बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? गाडीच्या कप्प्यात ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं. ती जाळी मी जास्त वेळ बंद ठेवू शकले नाही. पहिल्याच सिग्नलला मान भिजली आणि मी ती उघडून सरळ तोंडावर घेतली. हुमनाबादहून पुण्यापर्यंत तुम्ही कसे आलात हो, अप्पा?