शांत निजलेलं बाळ

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ९ जानेवारी १९३४

चि. सौ. प्रेमलास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड आज सकाळी पोचलं. इकडे सर्व ठीक. थंडी फार आहे. बाळाच्या अंगड्याला बाह्या लावायच्या तेवढ्या राहिल्यात.

तू लिहितेस, तीन दिवस ताप-खोकला होता, पण सासूबाईंनी बाळगोळी दिल्यापासून बाळ शांत निजतं, काळजी नसावी. प्रेमला, त्या गोळीत अफू असते. बरं वाटलं म्हणून ते निजलेलं नाही.

हे पत्र रेल्वेतल्या कल्लप्पा खलाशाच्या हाती देते. तो दुपारच्या गाडीनं होटगीला येतो आहे. वाचताक्षणी बाळाचं अंगडं काढ. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? जावई मुकुंदरावांचं घड्याळ धरून श्वास मोज. मिनिटाला पन्नासावर गेले तर फार वाईट. कमी भरले तरी फसू नकोस, अफूनं श्वास मंदावतो. हलवून जागं होतं का, अंगावर पितं का, ते बघ. होत नसेल, पीत नसेल, तर मोजत बसूच नकोस. परतीच्या गाडीनं त्याला घेऊन इकडे नीघ. पुन्हा गोळी नको, पोटावर डागूही देऊ नकोस.

सासूबाई म्हणतील, "आमची चारही ह्याच गोळीवर वाढली. सोलापूरकरणीला शिंकेलाही डॉक्टर लागतो!" म्हणू देत. तू पायात चपला घाल.

कल्लप्पा दारातून ओरडतो आहे, "अक्का, आवरा की, गाडी जाईल!"

तुझा धाकटा भाऊ शरच्चंद्र गेला तेव्हा तू सात वर्षांची होतीस. गोळी आजीनं दिली असं तू धरलंस, आणि ती मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायली नाहीस. आजी नको म्हणत होती. गोळी मी दिली. तो दोन दिवस कण्हत होता आणि मी थकले होते. तो गप्प झाला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. वाचायला मी त्यानंतर शिकले.

आजी म्हणाली होती, "माझ्यावर रुसू दे की पोरीला. तिला तुझ्यापाशी वाढायचंय." मी तसंच राहू दिलं.

तुला जे बोलायचं ते मला स्टेशनवर बोल. टांगा घेऊन मी उभी आहे.

तुझी आणि शरच्चंद्राची,
आई