आवाज गेला, असं मीच म्हटलं

सोमवार, ३ तारीख

लेकीच्या घरी पोचले, तर सगळ्यात आधी आली ती समोरची शिंपीण. माझी बॅग अजून दारातच होती आणि ही बाई गळ्यात मापाची पट्टी घेऊन हजर. लेकीची आई कशी दिसते ते बघायला आले म्हणाली. मी म्हटलं, बघून घ्या, माप मात्र घेऊ नका, कमरेचं मी कुणाला सांगत नाही. तिच्यामागून खालच्या मजल्यावरचे मास्तर आले. ते इतके लाजाळू, की माझ्याशी न बोलता माझ्या बॅगेशीच बोलून गेले. पण मी हे काय लिहीत बसले! नात पाहिली. पाच महिन्यांची. गाल असे की बोट लावलं तर ते परत यायला तयार नाही. कागदावर तिचं नाव मोठं झोकदार आहे, मी ठमी म्हणते. मला बघून हसली. लेक म्हणते, ती पंख्याला बघूनही हसते. असू दे. पंख्यानंतर माझा नंबर.

ही वही लेकीनेच दिली. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायची हौस दांडगी.

बुधवार, ५ तारीख

जावईबापू मागच्या खोलीत काम करतात. टेबलभर तारा, पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत असते. मोटार चालवणारी नखाएवढी चिप असते, ती ते बनवतात. मी विचारलं, मोटारीला वीज दिली की झालं, चिप कशाला मध्ये? न कंटाळता समजावलं बिचाऱ्यांनी. वीज सलग देत नाहीत म्हणे, ठोक्या-ठोक्याने देतात, सेकंदाला हजारो ठोके. ठोके वेळेवर पडले तर ठीक. पण एखादा केसभर लवकर, एखादा केसभर उशिरा पडतो. त्याला जिटर म्हणतात. मग मोटारीचं लोखंड थरथरतं आणि शिट्टी मारतं.

ठमीचा पाळणा त्यांच्याच चिपवर हलतो. कंपनीचे दोघे, एक उंच आणि एक बुटका, चाचणीसाठी ठेवून गेलेत. असे पाळणे चार घरांत दिलेत.

मी म्हटलं, ही शिट्टी मला आल्यापासून ऐकू येतेय. बाकी कुणालाच येत नव्हती. सुताच्या कारखान्यात बावीस वर्षं काढलीत मी. सूत गुंडाळणाऱ्या चात्या कुठे घासतात ते लाकडी काठी कानामागच्या हाडाला लावून सांगायचे. फोरमनसुद्धा मला बोलवायचा. स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, एक टोक मोटारीला, एक कानामागे. आहे की! बारीक, शिळ्या रडण्यासारखी. जावईबापू इतके खूश झाले की मला तपासनीसच नेमलं.

शुक्रवार, ७ तारीख

दिवसभर हेच. ते चिपमध्ये बदल करणार, मी लाटणं लावणार. ठोके आणखी भरभर पाडले, शिट्टी वर चढली. आणखी वर. शिवाय ठोके मुद्दाम थोडे वेडेवाकडे पाडले, म्हणजे सूर विखुरतो. मी म्हटलं, रडणारं पोर भर बाजारात नेलं की रडणं कुणाच्या कानावर येत नाही, तसं ना? हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

चार वाजता मी म्हटलं, आवाज गेला. त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा म्हटलं, गेला. मग त्यांनी तेच चिपमध्ये कायमचं बसवलं आणि बाकीच्या तीन घरांसाठीही पाठवलं. माझ्या कानाची सही! लेकीला म्हटलं, बघ, म्हातारी अजून कामाची आहे.

रविवार, ९ तारीख

ठमी रडायची बंद झाली. शिंपीण म्हणते नशीबवान आहात. पण ठमी हसतही नाही. पंख्याला नाही, मला नाही. मान एकीकडे करून काहीतरी ऐकत असते.

जावईबापूंना विचारलं, आवाज गेला तो गेला कुठे? ते टेबलाकडे बघत म्हणाले, जात नाही, वर चढतो. मोठ्यांच्या कानाच्या पलीकडे. मी विचारलं, आणि लहानांच्या? ते उठले आणि पाळण्याचा प्लग काढला.

माझा कान जुना. हे मला कळायला नको होतं?

सोमवार, १० तारीख

वायर मोटारीपासून तोडून प्लग माझ्या कपाटातल्या खणात ठेवलाय. ठमी मांडीवर होती. तिची मूठ थरथरत होती, शिवणयंत्राच्या सुईसारखी. थंडी म्हणावी तर अंग कोमट. लाटणं हळूच पाठीला लावलं, दुसरं टोक कानामागे.

तीच शिट्टी. पहिल्या दिवशीची.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, तुझे कान वाजतात. मी लाटणं तिच्या हातात दिलं. तिने ऐकलं. आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

बुधवार, १२ तारीख

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वजन बरोबर, छाती बरोबर, शांत मूल आहे म्हणाल्या. श्वास बघा म्हटलं. एक केसभर लवकर, एक केसभर उशिरा. त्यांना दिसलं नाही.

घरी आल्यावर जावईबापूंनी तिच्या छातीवर तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघ उमटली. शेजारी चिपची जुनी रेघ लावली. दोन्ही रेघा बोटाने जुळवून बघितल्या. मग मला म्हणाले, “आई, हे माझ्याच चिपचं चित्र आहे. ती तर बंद आहे ना.”



गुरुवार, १३ तारीख

लेक तिला पाजते. आज लेकीचा हात — कपातला चहा नुसता थरथर. शिंपिणीने काल दोन मिनिटं घेतली होती ठमीला. आज तिला सुईत दोरा ओवता येईना. माझ्याकडे आली ओवून घ्यायला. मलाही —

शुक्रवार, १४

अक्षर बघा माझं. म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. पण स्वतःच्या जबड्याला लाटणं लावलं. आहे.

जावईबापू मागच्या खोलीचं दार उघडत नाहीत. आतून एकच विचारतात, आई, आता येतो का ऐकू? मी नाही म्हणते. कसं म्हणू —

शनिवार, १५

ते दोघे आले. उंच आणि बुटका. पाळण्याला मीटर लावलं, शून्य दाखवलं; वायर तोडलीय हे बघितलंसुद्धा नाही. खूश. बाकीच्या तीन घरांतही पोरं अशीच शांत, म्हणाले. आईबाप दुवा देतात. आता हजार पाळणे करणार.

मी सांगायला उठले. करू नका, आवाज पाळण्यात नाही, माझ्या ठमीत आहे — तोंड उघडलं. काहीच आलं नाही. म्हणजे आलं असेल. त्यांना ऐकू — बुटका म्हणाला, आजी काही म्हणतायत का? उंच म्हणाला, नाही.

ठमीने तेवढी मान वळवली.

पाळणा न्यायला परत येतो म्हणाले. गुरुवा